वरचा एक डॉलर

"आज संध्याकाळी सहा वाजले की मी सुटलो," पराठ्याला लोणी लावता लावता बाळ टिपणीसने जाहीर केलं. "सहा महिने हिच्याशी इमानानं राहिलो. आता मंगळवारपासून सामानवाली."

मृणालिनीने चहा गाळताना मानसुद्धा वर केली नाही. अमेरिकेतल्या चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याचे असे तीन काडीमोड तिने पाहिले होते. आधी टोस्टरवाली झाली, मग घड्याळवाली, मग ब्लँकेटवाली. सध्याची मायक्रोवेव्हवाली, आणि आता चार बॅगांचा सेट देणारी सामानवाली खुणावत होती.

या सगळ्या बँका होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण राजाराम देशकरच्या घरी एका पार्टीत ते सांगायचं राहून गेलं होतं. राजारामची आई, सुमित्राकाकू, तेव्हा नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. बाळला वाढता वाढता त्यांच्या कानावर पडलं, "ब्लँकेटवालीला मार्चमध्ये सोडली. आता तिच्याकडे फक्त तोंडदेखले पाचशे ठेवलेत." काकूंचा श्रीखंडाचा चमचा हवेतच थांबला. आत जाऊन त्यांनी सुनेला विचारलं, "सुलभे, हा माणूस चांगल्या घरचा आहे ना गं?"

ते साल होतं चौऱ्याऐंशी. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात आणि आसपास बँकांना गिऱ्हाइकांची अशी काही भूक लागली होती, की खातं उघडायला आत गेलेला माणूस हातात खोकं घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे. आम्ही मराठी मंडळी मोटारींच्या कंपन्यांत इंजिनियर. दिवसभर इंचाच्या हजाराव्या भागाचे हिशेब करणारी माणसं अशा ठिकाणी मागे राहतील होय? प्रत्येकाच्या बेसमेंटमध्ये दोन-तीन टोस्टर होते, आणि पाव खाणारं घरात कोणी नव्हतं. माझ्याकडे चार होते. त्यातल्या एकात मी अजून पोस्टाची तिकिटं ठेवतो.

पण आम्ही सगळे हौशी. बाळ हा उस्ताद. बँकेच्या भेटवस्तूला एक शेपूट असायचं: खात्यात अमुक इतकी रक्कम कायम ठेवा, नाहीतर दर महिन्याला फी. त्या शेपटावर पाय पडून आम्ही सगळे कधी ना कधी पाच-सहा डॉलरना आपटलेले होतो. बाळ कधीच नाही. चौदा वर्षं, चार बँका, आणि फी शून्य सेंट. हे तो स्वतः सांगत नसे. फक्त कोणी बँकेचं नाव काढलं, की थोडंसं हसून खिशातला आलेख-कागद काढत असे.

त्या आलेख-कागदावर त्याचं सारं आयुष्य आखलेलं होतं. कुठल्या बँकेत कुठल्या तारखेपर्यंत किती डॉलर ठेवायचे, आणि कुठल्या दिवशी ते उचलून दुसरीकडे न्यायचे. त्याचं एक तत्त्व होतं. किमान रक्कम पाचशे असेल, तर पाचशेच ठेवायची. पाचशे एक ठेवणं म्हणजे बँकेला हुंडा देणं.

मायक्रोवेव्हवालीचा करार सर्वांत कडक होता. अडीच हजार डॉलर सहा महिने ठेवायचे, मायक्रोवेव्ह मात्र पहिल्याच दिवशी घरी न्यायचा. मुदत ऑगस्टच्या एकतीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी सहाला संपणार. तोवर एक दिवस जरी रक्कम अडीच हजाराच्या खाली गेली, तर सहा डॉलर फी, आणि वर मायक्रोवेव्हची पूर्ण किंमत खात्यातून वळती. किंमत बँकेच्या रंगीत पत्रकात ठळक छापलेली होती: तीनशे एकोणसाठ डॉलर.

त्या मायक्रोवेव्हचं घरात वेगळंच स्थान होतं. बँकांच्या आधीच्या सगळ्या वस्तूंना मृणालिनीने न उघडताच बेसमेंटचा रस्ता दाखवला होता. हा एकटाच ओट्यावर बसला. लायब्ररीतली नोकरी करून ती घरी आली की चहा, पापड, सकाळची भाजी, सगळं त्याच्याच पोटात जायचं. "तुमच्या बँकांनी आजवर केलेलं एकच चांगलं काम," असं ती म्हणाली होती, आणि बाळने ते वाक्य एखाद्या पदकासारखं छातीवर लावलं होतं. बायकोच्या तोंडून त्या प्रकरणी निघालेले ते पहिलेच चांगले शब्द होते.

म्हणून शुक्रवारी सकाळी तो इतका खुशीत होता. पराठा खाऊन, एक शीळ घालून, तो ऑफिसला गेला.

पाचला दहा कमी असताना त्याच्या टेबलावरचा फोन वाजला.

"काय बे बाळ्या!" पलीकडे राजाराम होता. "तुझी तब्येत ठीक आहे ना यार?"

"का रे? काय झालं?"

"सुलभा आहेराची वही पाहून राहिली. थँक यू कार्डं लिहाची आहेत ना सगळ्यांना. तर तुझ्या नावापुढे एकावन्न! मी म्हटलं, चष्मा पूस. ह्या माणसाच्या हातून पन्नासच्या वर एक डॉलर सुटला? अमितला म्हटलं, बेटा, तुझी मुंज ऐतिहासिक झाली."

बाळच्या हातातली पेन्सिल थांबली.

"एकावन्न नाही, पन्नास असतील. नीट बघ."

"अबे, शाईनं लिहिलंय. टिपणीस, चेक, एकावन्न."

"तो चेक... बँकेत टाकला नाहीस ना अजून?"

"टाकला ना. बुधवारीच टाकले सगळे. काऊन?"

बाळने फोन ठेवला आणि आलेख-कागद उघडला. अमितची मुंज गेल्या रविवारी झाली होती. ऑगस्टच्या शेवटी मुंज कशी, असं कोणी विचारू नका. आमच्याकडे पंचांग चर्चचा हॉल कुठल्या रविवारी रिकामा आहे यावरून ठरतं. त्या मुंजीसाठी बाळने मायक्रोवेव्हवालीत अडीच हजारांवर बरोबर पन्नास डॉलर ठेवले होते. अडीच हजार पन्नास वजा पन्नास, राहिले अडीच हजार. किती सुंदर! पण वजा एकावन्न केले, तर राहतात दोन हजार चारशे नव्व्याण्णव. आणि बुधवारी टाकलेला गावातला चेक शुक्रवारी वटतो, हे बाळइतकं नोव्हायमध्ये कोणाला माहीत?

त्याने लायब्ररीत फोन लावला.

"मृणाल, पन्नास सांगितले होते ना मी तुला? एकावन्नचा चेक का लिहिलास?"

"मी कुठे लिहिला?" मृणालिनी दबक्या आवाजात म्हणाली, लायब्ररीच ती. "चेक तुम्ही लिहिलात, पार्किंग लॉटमध्ये, गाडीत बसून. मी नुसता पाकिटात घातला. म्हणजे, पाकिटात घालताना मी... अहो, ऐका तरी, त्या चेकचं मी..."

"ऐकायला वेळ नाहीये!" म्हणून बाळने फोन आपटला.

तेव्हाच्या चेकबुकांत प्रत्येक चेकच्या मागे कार्बनची प्रत उमटायची. बाळने बॅगेतून चेकबुक काढलं. प्रतीवर निळसर अक्षरांत लिहिलं होतं, 'फिफ्टी वन ओन्ली'. अक्षर वळणदार, पाय मोडलेला एफ. त्याचंच.

तो खुर्चीत मागे रेलला. आलेख-कागदावर पन्नास लिहिणारा इंजिनियर टिपणीस एक, आणि पाकिटावर हळदी-कुंकू लावलेलं पाहताच एकावन्न लिहिणारा दिगंबररावांचा मुलगा दुसरा. आहेर म्हटला की वर एक हवाच. पन्नासचं नुसतं शून्य कोणी कोणाच्या हातावर ठेवतं का? लहानपणापासून आईने हे इतक्यांदा सांगितलं होतं, की हाताने डोक्याला न विचारता परस्पर लिहून टाकलं. चौदा वर्षांत कुठल्याही बँकेला जे जमलं नव्हतं, ते बाळच्या उजव्या हाताने केलं होतं.

चेक थांबवता आला असता. पण चेक थांबवायची फी दहा डॉलर. म्हणजे विक्रमावर पाणी. शिवाय मुंजीच्या आहेराचा चेक थांबवला ही बातमी राजाराम शिकागोपर्यंत पोचवणार, ते वेगळंच. राहता राहिला एकच उपाय. सहाच्या आत बँकेत जाऊन खात्यात एक डॉलर भरायचा.

पाच वाजून चार मिनिटांनी बाळ गाडीत होता. सोमवारी लेबर डे, म्हणजे तीन दिवस सुट्टी. अर्धं मिशिगन गाडीच्या मागे बोटी बांधून उत्तरेकडे निघालं होतं. एरवी बारा मिनिटांच्या वाटेला त्याला अडतीस मिनिटं लागली. पाच बेचाळीसला तो बँकेपाशी पोचला, तर आतलं दालन पाचलाच बंद झालेलं. उघडी होती फक्त गाडीत बसून व्यवहार करायची रांग.

ही रांग ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी एका खांबापाशी उभी करायची. खांबात एक जाड नळी. तिच्यातल्या प्लास्टिकच्या डब्यात आपले कागद घालून बटण दाबायचं, की डबा हवेच्या जोरावर 'फूप्' करून डोक्यावरून बँकेत जातो. दूर काचेआड बसलेली मुलगी आपल्याशी स्पीकरमधून बोलते, आणि काम झालं की डबा परत 'फूप्'. बाळला हे यंत्र मनापासून आवडायचं. त्याला फी नव्हती.

रांग सरकत होती तोवर त्याने पाकीट पाहिलं. आत दोन नोटा होत्या, एक दहाची आणि एक एकाची. दहाची भरली असती तर काय बिघडणार होतं? मृणालिनीने नंतर हाच प्रश्न विचारला. पण गरज एका डॉलरची असताना दहा भरायचे, म्हणजे नऊ डॉलर तीन दिवस बँकेकडे फुकट झोपणार. बाळने एकाची नोट काढून हातात घट्ट धरली.

पाच एकावन्नला त्याचा नंबर आला, आणि घड्याळातला तो आकडा पाहून त्याने दात खाल्ले. खांबावरची पैसे भरायच्या चिठ्ठ्यांची पेटी रिकामी होती. मागे एक ट्रक, ट्रकच्या मागे बोट, आणि बोटीच्या मागे गाड्या. बाळ ही गोष्ट सांगतो तेव्हा एकूण बारा गाड्या असतात. मी सांगतो तेव्हा वीस. ट्रकवाल्याने भोंगा दिला. बाळने आलेख-कागदाचा कोपरा फाडला. वर खात्याचा नंबर लिहिला, खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत आपलं नाव, बी ए एल, पुढे एक रेघ आणि 'एक डॉलर'. शेवटी सही ठोकली. भोंगा पुन्हा वाजला. चिठ्ठी डब्यात, डबा नळीत, फूप्!

डबा गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की डॉलरची नोट अजून आपल्या मुठीतच आहे. तो बटण दाबून सांगणार, तेवढ्यात स्पीकर खरखरला. काचेआडची मुलगी नवीन होती. सोनेरी केस, घाईत असलेला चेहरा; तिलाही सुट्टीवर जायचं असणार.

"सर? बाल, वन डॉलर?"

"येस, येस!" बाळ आनंदला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोणी अमेरिकन त्याचं नाव बऱ्यापैकी उच्चारत होतं. "बाळ! वन डॉलर!"

"यू वाँट टू लीव्ह वन डॉलर?"

"येस! आय वाँट टू लीव्ह वन डॉलर!" बाळ खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला. एक डॉलर ठेवायचाच तर होता.

"आर यू शुअर, सर?"

"व्हेरी शुअर! मस्ट बी टुडे! बिफोर सिक्स!"

मुलगी म्हणाली, "लायसन्स प्लीज." डबा परत आला. एक डॉलर भरायला लायसन्स? पण नियम म्हणजे नियम. बाळने लायसन्स घालून डबा पाठवला. नोट अर्थातच पुन्हा मुठीतच राहिली, कारण एव्हाना ट्रकवाला उतरून त्याच्या काचेपाशी आला होता आणि बोटी, सुट्टी आणि परदेशातून आलेली माणसं या तिन्हींबद्दल आपली मतं सांगत होता. ट्रकला बोट जोडलेली असल्याने त्याला मागेही जाता येत नव्हतं.

पाच पंचावन्नला डबा परत आला. या वेळी त्याचा आवाज 'फूप्' आला नाही; 'धप्' आला. बाळने झाकण उघडलं. आत त्याचं लायसन्स होतं आणि एक टम्म फुगलेलं पाकीट. पाकिटात नोटा. शंभराच्या, वीसच्या, पुष्कळ. सोबत पावती होती, आणि पावतीवर खात्यातली शिल्लक छापली होती.

एक डॉलर फक्त.

"हॅव अ ग्रेट वीकेंड, सर!" स्पीकर म्हणाला, आणि काचेआड पडदा ओढला गेला.

बाळने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग घाबरलेला हिशेबी माणूस जे करतो तेच त्यानेही केलं. त्याने नोटा मोजल्या. असायला हव्या होत्या दोन हजार चारशे अठ्ठ्याण्णव. भरल्या दोन हजार पाचशे एकोणपन्नास. पुन्हा मोजल्या, पुन्हा तेवढ्याच. जन्मात पहिल्यांदा आपला हिशेब चुकतोय असं वाटून त्याला दरदरून घाम फुटला. दोन्ही मुठींत नोटा धरून, गाडी चालू, दार उघडं टाकून तो बँकेच्या पुढच्या दाराकडे धावत सुटला.

काचेच्या दाराआड एक वयस्कर रखवालदार किल्ल्या लावत होता. बँकेतून पैसे घेऊन बाहेर पळणारे लोक त्याने ऐकले होते, टीव्हीवर पाहिलेही होते. पैसे घेऊन आत घुसणारा हा पहिलाच. काचेवर नोटांनी थापा मारत तो सावळा, घामाघूम माणूस ओरडत होता, "टेक इट! प्लीज टेक इट! बिफोर सिक्स!"

रखवालदाराने आधी दोन्ही हात वर केले. मग आपण नेमके कशाला शरण जातोय हे न कळून ते खाली घेतले आणि मॅनेजरला हाक मारली.

मॅनेजर मिसेस हॅन्सन. पांढरे केस, मोत्यांची माळ. त्यांनी बाळला आत घेतलं, खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला. बाळने ग्लास धरायला मूठ उघडली, तर त्यातून चुरगळलेली एक डॉलरची नोट पडली.

"ही भरायची होती," तो रडवेल्या आवाजात इंग्रजीत म्हणाला. "ही एवढीच. तुमच्या मुलीने माझं सगळं खातंच माझ्या अंगावर फेकलं!"

काचेआडची मुलगी आली. शेली तिचं नाव. तीही रडायच्या बेतात. "मी दोनदा विचारलं यांना," ती म्हणाली. "यांनी स्वतः लिहून दिलंय." तिने आलेख-कागदाचा कोपरा टेबलावर ठेवला.

मिसेस हॅन्सननी चष्मा लावून तो वाचला. "मिस्टर टिपणीस," त्या सावकाश म्हणाल्या, "इथे लिहिलंय, बॅलन्स, एक डॉलर."

"बॅलन्स? कुठे? ते माझं नाव आहे!"

"हे? बी ए एल?"

"बाळ! बाळ टिपणीस!"

जगातली एकूण एक बँक शिल्लक हा शब्द बी ए एल असाच लिहिते. टिपणीसांच्या घरात बारशाला जमलेल्या बायकांना ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. खात्यात एक डॉलर शिल्लक ठेवा, बाकी सगळे द्या, सही बाळ टिपणीस. शेलीने गिऱ्हाइकाचं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं.

"पण लायसन्सवर नाव आहे ना माझं!"

"मी फक्त फोटो पाहिला," शेली कुजबुजली. "फोटोतही तुम्ही असेच घाबरलेले आहात."

मिसेस हॅन्सननी हसू आवरायला माळेशी चाळा केला. "या नावाचा तुमच्या भाषेत काय अर्थ होतो?"

बाळने खोटं बोलायचा विचार केला. पण सहा वाजायला दोन मिनिटं होती.

"बेबी," तो म्हणाला.

चव्वेचाळीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला, शर्ट अंगाला चिकटलेला तो बेबी त्या तिघांनी वरपासून खालपर्यंत पाहिला. रखवालदार खोकला आणि बाहेर निघून गेला. त्याला तेवढ्यासाठीच जायचं होतं असं नाही. रांगेत एक बेवारस चालू गाडी उभी होती आणि बोटवाल्याचा आवाज आता आतपर्यंत येत होता.

मिसेस हॅन्सननी झालेला व्यवहार रद्द केला. "चूक आमची धरू. पैसे काढलेच नाहीत असं समजायचं. पूर्वीइतकेच पैसे खात्यात आहेत, दोन हजार पाचशे पन्नास."

"पाचशे पन्नास नाही," प्रामाणिक बाळ म्हणाला. "चारशे नव्व्याण्णव. एकावन्नचा चेक आज वटला असणार. म्हणून तर हा एक डॉलर..."

मिसेस हॅन्सननी यंत्रावर पाहिलं, कागदांची चळत पाहिली, पुन्हा यंत्रावर पाहिलं. "असा कुठलाच चेक आलेला नाही. आजचे सगळे येऊन गेले. आणि सहा वाजले, मिस्टर टिपणीस. अभिनंदन. मायक्रोवेव्ह तुमचा झाला."

बाळने चुरगळलेली नोट उचलून, सरळ करून, खिशात घातली. ती भरायची गरज राहिली नव्हती. कधी नव्हतीच, हे त्याला अजून कळायचं होतं. निघताना झाल्या त्रासाबद्दल म्हणून मिसेस हॅन्सननी त्याच्या हातात एक खोकं ठेवलं. फुकटची वस्तू नाकारायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने ते काखोटीला मारलं. टोस्टर होता.

सातला तो घरी पोचला. दारातच अकरा वर्षांची उत्तरा भेटली. "डॅड, राजाकाकांचा फोन होता. ही सेड, आर यू सिक? अँड व्हाय डू वी हॅव अनदर टोस्टर?"

बाळने बूट न काढताच सगळी हकिगत सांगितली. ट्रक, बोट, नळी, बेबी. मृणालिनीने मायक्रोवेव्हमध्ये चहाचा कप ठेवला, बटण दाबलं, आणि तो फिरत असताना शांतपणे ऐकलं. बेबीपाशी तिने पदर तोंडाला लावला, एवढंच.

"नशीब बघ माझं," बाळ म्हणाला. "राजारामच्या बँकेनं चेक पाठवायला उशीर केला, म्हणून वाचलो."

"उशीर नाही केला काही." तिने पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला एक कागद टेबलावर ठेवला. बाळने तो उलगडला. फिफ्टी वन ओन्ली. वळणदार अक्षर, पाय मोडलेला एफ.

"हा... हा इथे कसा?"

"रविवारी पाकिटात घालताना पाहिला. तुमची तारीख मला माहीत होती, रोज सकाळी ऐकत होते. म्हणून तुमचा ठेवून घेतला आणि माझा घातला. फोनवर तेच सांगत होते, पण तुम्हाला ऐकायला वेळ नव्हता."

"पण तेव्हाच, गाडीतच सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे पन्नासचा दुसरा लिहिला असतात. आणि अमितच्या मुंजीत मी सुलभाच्या हातावर पन्नास ठेवणार नव्हते."

बाळने मान डोलावली. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग डोलावता डोलावता मान थांबली.

"तुझा घातला म्हणजे? तुझा कुठला चेक?"

मायक्रोवेव्हची घंटी वाजली. मृणालिनीने कप काढून त्याच्यापुढे ठेवला.

"लायब्ररीशेजारी ती छोटी बँक आहे ना, तिथला. माझा पगार तिथेच जातो."

"पगार त्या बिनफीच्या पतपेढीत, क्रेडिट युनियनमध्ये जातो म्हणाली होतीस!"

"तुम्ही क्रेडिट युनियन म्हणालात. मी हूं म्हटलं."

"त्या बँकेनं काय दिलं तुला खातं उघडल्यावर?"

"काही नाही. मला नावानं ओळखतात."

"आणि किमान रक्कम?"

"ती भानगड नाही. कितीही ठेवा." तिने साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. "महिन्याला तीन डॉलर घेतात."

उत्तराने वडिलांकडे पाहिलं आणि हळूच दोन पावलं मागे सरकली. त्याच्या घरातून, त्याच्या छपराखालून, कोणीतरी फी भरत होतं. चौदा वर्षांच्या विक्रमाच्या पोटात भोक होतं, आणि ते त्याच्यासमोर बसून चहात आलं हवंय का विचारत होतं.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"उत्तरा एक वर्षाची होती तेव्हा उघडलं. दहा वर्षं झाली याच महिन्यात."

बाळचा उजवा हात सवयीने आलेख-कागदाकडे गेला. कोपरा फाटलेला होता, पण जागा उरली होती. तीन गुणिले बारा, छत्तीस. छत्तीस गुणिले दहा. त्याने आकडा लिहिला, आणि लिहून झाल्यावर ओट्यावरच्या मायक्रोवेव्हकडे पाहिलं. मग पुन्हा आकड्याकडे.

"म्हणजे," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "या तीनशे एकोणसाठच्या मायक्रोवेव्हला आपण तीनशे साठ मोजले."

"मग?" मृणालिनी म्हणाली. "वर एक नको?"